ड्रिल प्रेस घरी जोडताना: हेड कॉलमवर कसं चढवायचं आणि बटण दाबण्याआधी काय तपासायचं?

शनिवारची_खटपट
नमस्कार मंडळी. सहा वर्षं हातातल्या ड्रिलवर भागवलं. जाड लाकडात सरळ भोक हवं असलं की शेजारी गुण्या उभा करायचा, एक डोळा मिटायचा आणि तरी भोक पलीकडून दोन मिलिमीटर तिरकं निघायचं. शेवटी जमिनीवर उभी राहणारी ड्रिल प्रेस घेतली. सगळे भाग सुटे आले आहेत. सोबतची पुस्तिका चार पानांची, तीही बहुतेक चित्रांची.

आतापर्यंत बेसवर कॉलम, म्हणजे मधला खांब, उभा करून चार बोल्ट आवळले आहेत. टेबल आणि हेड, म्हणजे मोटर आणि बिट फिरवणारं वरचं धूड, राहिलंय. मोटरसकट हेडचं वजन ४६ किलो लिहिलंय आणि कॉलमचं टोक माझ्या खांद्याच्याही वर येतं. घरी उचलायला मी एकटाच. हे कसं चढवायचं? बेस जमिनीला ठोकणं खरंच गरजेचं आहे का? आणि पहिल्यांदा चालू करण्याआधी तुम्ही काय काय तपासता? या यंत्राची मला थोडी धास्ती वाटते, म्हणून घाई न करता विचारतोय.

जुना_फिटर
एकट्याने चढवायचं नाही. बाकी सगळं नंतर.

४६ किलो जमिनीवरून कंबरेपर्यंत उचलणारे पुष्कळ असतात. पण हे वजन खांद्याच्या वर न्यायचं, तिथे तोलून धरायचं आणि खाली न दिसणाऱ्या भोकात कॉलमचं टोक बरोबर बसवायचं, हे वेगळंच काम आहे. शिवाय मोटर मागच्या बाजूला लटकलेली असते, त्यामुळे हेड हातात घेतलं की ते मागे झुकतं. तुम्ही सावरायला जाता आणि बोटं जातात कॉलम आणि हेडच्या मधे. ओतीव लोखंड आहे ते, बोट चेपलं तर परत सरळ होत नाही.

दोन माणसं उचलायला आणि तिसरा खाली वाकून 'डावीकडे, अजून डावीकडे' सांगायला. उचलणाऱ्यांनी हेड बाजूंनी धरायचं. तळातून हात घालायचा नाही, पुढचे फिरणारे दांडे धरायचे नाहीत, पट्ट्याचं झाकण तर अजिबात नाही. टोकावर टेकलं की हळू खाली सोडायचं आणि पार तळाला बसेपर्यंत थांबायचं. पुष्कळदा ते मधेच अडतं आणि बसलं असं वाटतं. थोडं डावीउजवीकडे हलवलं की 'ठक्' असा आवाज येऊन उरलेला इंचभर खाली येतं. तो आवाज येईपर्यंत कोणी हात सोडायचा नाही.

मग स्पिंडल, म्हणजे बिट फिरवणारा उभा दांडा, बेसच्या मध्यरेषेवर आणायचा आणि हेडच्या बाजूचे दोन्ही ग्रब स्क्रू, म्हणजे हेड कॉलमला धरून ठेवणारे बिनडोक्याचे स्क्रू, एलन कीने (सहा कडांच्या वाकड्या चावीने) आळीपाळीने आवळायचे. एकच पूर्ण आवळून मग दुसरा, असं करू नका.

करवतकाठी
जुन्या फिटरकाकांशी सहमत, पण माझ्याकडे तिसरा माणूस नव्हता. आम्ही दोघींनी आडवं ठेवून जोडलं. कॉलम आणि बेस जमिनीवर आडवे, खाली लाकडी ठोकळे, हेडखाली जुनी गादी. कॉलम आणि हेडचं भोक एका पातळीत येईपर्यंत ठोकळे कमीजास्त केले आणि हेड सरकवत नेलं. स्क्रू आवळले आणि मग बेसच्या कडेवर टेकवून अख्खं यंत्र उभं केलं. खांद्याच्या वर काहीच उचलावं लागलं नाही.

ओळंबा
करवतकाठी ताई, तुमचं जमलं हे छान झालं, पण ही पद्धत मी कोणाला सुचवणार नाही. उभं करताना पहिला अर्धा भाग सोपा असतो. यंत्र ६०-७० अंशांपलीकडे गेलं की वरचं वजन बेसच्या कडेला ओलांडून पलीकडे जातं आणि ते स्वतःहून उभं राहायला धावतं. त्या क्षणी ओढणारा माणूस समोर असेल तर ते त्याच्याच दिशेने येतं. शिवाय बेस फरशीवर सरकतो तो वेगळाच.

करवतकाठी
तो क्षण मलाही आठवतोय. आमचा बेस भिंतीला टेकलेला होता म्हणून सरकला नाही, आणि मैत्रीण मागून दोरी ताणून होती म्हणून यंत्र सावकाश बसलं. हे दोन्ही आधी लिहायला हवं होतं. या दोन गोष्टींशिवाय कोणी करू नये.

मोगरी
तिसरा मार्ग सांगतो. साखळीचा हाताने ओढायचा हॉइस्ट किंवा इंजिन उचलायची घोडी भाड्याने मिळाली तर उत्तम. उचलायचा पट्टा हेडच्या ओतीव अंगाभोवती घ्यायचा, मोटरभोवती किंवा दांड्यांभोवती नाही. जमिनीपासून वीतभर उचलून तोल बघायचा, झुकत असेल तर खाली ठेवून पट्टा सरकवायचा. आणि लटकलेल्या वजनाखाली हात किंवा पाय घालायचा नाही. छताच्या हुकाला मात्र लटकवू नका. तो पंख्यासाठी असतो आणि त्याच्या आत काय आहे ते आपल्याला दिसत नाही.

गुण्या
हेडची चर्चा चाललीच आहे, पण थांबा. खटपटराव, टेबल अजून बसवलं नाही म्हणालात ना? मग हेडचा विचारच नको. टेबल वरून कॉलममधे ओवावं लागतं, हेड बसल्यावर ते जाणार कुठून?

टेबलाच्या ब्रॅकेटमधे एक वर्म, म्हणजे हँडलने फिरणारा आट्यांचा दांडा, असतो, तो दातेरी पट्टीत म्हणजे रॅकमधे अडकतो. रॅक आधी ब्रॅकेटमधे घालून दात जुळवून घ्यायचे आणि मग ब्रॅकेट व रॅक दोन्ही एकत्र कॉलमवर उतरवायचे. रॅकचं खालचं टोक बेसजवळच्या तिरप्या कडेत बसतं. वरून जी रिंग येते तिचीही आतली कड तिरपी असते, ती बाजू खाली. या रिंगने रॅक फक्त अडवायचा, दाबून धरायचा नाही. दाबलात तर टेबल कॉलमभोवती फिरणार नाही. मी पहिल्यांदा ती रिंग घट्ट आवळली होती आणि टेबल फिरवायला जोर लावला, तेव्हा रॅकच्या टोकाचा दात दुखावला.

टेबलाचा लॉक सैल करताना दुसरा हात नेहमी हँडलवर. ज्या लहान यंत्रांना रॅक नसतो त्यात लॉक सोडला की टेबल थेट खाली येतं. तिथे आधी टेबलाखाली हात द्यायचा.

शनिवारची_खटपट
गुण्या, वाचवलंत. टेबल आधी, हे पुस्तिकेत होतं का ते परत बघितलं. चित्रात होतं, आकडे मात्र उलटसुलट छापले आहेत. आता रविवारी भाऊ आणि शेजारचे काका येणार आहेत. तोवर टेबल बसवतो. सगळ्या भागांवर घट्ट पिवळट ग्रीस आहे, ते कशाने काढू?

जुना_फिटर
रॉकेल आणि चिंध्या. पेट्रोल नको, त्याची वाफ बंद खोलीत साचते आणि एक ठिणगी पुरते. चिंध्या कोपऱ्यात गोळा करून ठेवू नका, बाहेर पसरून वाळवा. पुसून झालं की कॉलम आणि टेबलावर पातळ तेलाचा किंवा मेणाचा हात फिरवा, नाहीतर पावसाळ्यात महिनाभरात गंज.

ओळंबा
एक राहिलं. चक (बिट धरणारा जबडा) आणि स्पिंडलचे टेपर, म्हणजे ते निमुळते दांडे आणि निमुळती भोकं, यांना तेल लावायचं नाही. ती कोरडी हवीत.

नवी_पटाशी
टेपर म्हणजे नक्की काय? माझ्याकडे छोटी बेंच ड्रिल आहे, तिचा चक एकदा काम करताना खाली पडला होता. तेव्हापासून भीती बसली आहे.

ओळंबा
चक स्क्रूने बसत नाही, घर्षणाने बसतो. स्पिंडलच्या आतलं भोक किंचित निमुळतं असतं आणि त्यात तसाच निमुळता आर्बर घुसतो. कोन इतका लहान असतो की एकदा दाबून बसवलं की स्वतःच धरून राहतं. मोर्स टेपर २ या ठरावीक मापात दर बाजूला साधारण दीड अंशाहून थोडा कमी. म्हणून त्यात तेलाचा पडदा राहिला, धूळ अडकली किंवा एखादा ओरखडा उठला तर पूर्ण पृष्ठभाग टेकत नाही आणि हादऱ्याने चक गळून पडतो. तुमचंही तेच झालं असणार.

आणि याच कारणाने ड्रिल प्रेसवर बाजूने कापायचं काम, म्हणजे मिलिंग, करायचं नाही. टेपर वरून येणारा दाब सोसतो, बाजूचा धक्का त्याला सैल करतो.

नवी_पटाशी
मोर्स म्हणजे तो तारायंत्रवाला का?

मोगरी
नाही, तो सॅम्युएल मोर्स. हा स्टीफन मोर्स, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सचा. आज आपण जे पिळाचं ड्रिल वापरतो त्याचं पेटंट त्याने १८६३ साली घेतलं. त्याआधी सपाट पात्याची ड्रिलं असत, त्यातून चुरा बाहेर येत नसे, सारखं वर काढून साफ करावं लागे. टेपरही त्याच्याच नावाचा. आणि ज्या चावीच्या चकमधे आपण बिट धरतो त्याचं पेटंट आर्थर जेकब्सचं, १९०२ चं. दीडशे वर्षांपूर्वीचा कोन आजही घरच्या यंत्रात तसाच आहे, याचं मला प्रत्येक वेळी कौतुक वाटतं.

फेज_न्यूट्रल
विजेबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो.

जोडणी पूर्ण होईपर्यंत प्लग सॉकेटमधे नको. नुसतं बटण बंद असून चालत नाही. प्लग आपल्या डोळ्यासमोर, टेबलावर ठेवलेला हवा.

सगळं जोडल्यावर मल्टिमीटरने प्लगच्या अर्थिंगच्या पिनपासून हेड, कॉलम आणि टेबल या तिन्हींच्या उघड्या धातूपर्यंत जोड आहे का ते बघा. रंगाचे थर मधे आले तर हेडला अर्थिंग असतं पण टेबलाला नसतं, आणि आपला हात तर सतत टेबलावर. जोड मिळाला नाही तर तो भाग वापरात आणायच्या आधी वायरमनला बोलवा.

एक्स्टेंशन शक्यतो नकोच. लागलीच तर जाड वायरीची, कमी लांबीची आणि पूर्ण उलगडलेली. बारीक वायरीत व्होल्टेज पडतं, मोटर सुरू होताना अडखळते आणि तापते. मोटरवरचा फुगीर डबा म्हणजे कपॅसिटर, प्लग काढल्यावरही त्यात चार्ज उरू शकतो. तो उघडू नका.

आणि बटण कुठल्या प्रकारचं आहे ते बघा. दिवे जाऊन परत आले की यंत्र आपोआप सुरू होत असेल तर ते बदलून घ्या. वीज गेल्यावर स्वतः सुटणारं आणि पुन्हा दाबल्याशिवाय न लागणारं बटण मिळतं. दिवे गेल्यावर माणूस अंधारात बिट चाचपत असतो आणि तेवढ्यात वीज येते. मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे. कोणाला इजा झाली नाही, ते त्या माणसाचं नशीब.

सहावा_आटा
हातमोज्यांचा मुद्दा. बेस आणि टेबलाच्या ओतीव कडा धारदार असतात, लोखंडाचा कीस तर पात्यासारखा. मी कायम चामड्याचे हातमोजे घालतो. सुरक्षा म्हणून प्रत्येकाने घालावेत.

जुना_फिटर
नाही. सहावा_आटा, कृपा करून हे बदला. यंत्र फिरत असताना हातमोजे नकोत.

कातडी बिटाला लागली तर जखम होते. हातमोजा लागला तर बिट त्याला धरतं आणि गुंडाळतं, आत बोट असतं. मोटरला थांबायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात होत्याचं नव्हतं होतं. माझ्या शेजारच्या यंत्रावर उमेदवारी करणाऱ्या मुलाचं असंच बोट गेलं. चाळीस वर्षं झाली. तो आवाज मला अजून आठवतो.

गुण्या
मला वाटतं दोघांच्याही म्हणण्याला जागा आहे, फक्त वेळ वेगळी. जोडताना, उचलताना, टेबल ओवताना हातमोजे जरूर. प्लग लावायच्या आधी ते काढून दुसऱ्या खोलीत ठेवायचे. कीस काढायला ब्रश, तोही यंत्र थांबल्यावर.

सहावा_आटा
हे पटलं. जुने फिटर, तुमचं वाचून खरंच धस्स झालं. आजपासून बंद.

करवतकाठी
त्याच ओळीत: बाह्या कोपराच्या वर, केस बांधून आत, ओढणी आणि गळ्यातलं काढून, अंगठ्या काढून. चष्मा नव्हे, बाजूंनी बंद असलेला सुरक्षा चष्मा. आणि चकची चावी दोरीने यंत्राला बांधू नका. हरवू नये म्हणून बरेच जण बांधतात, पण दोरी स्पिंडलला गुंडाळते. मी एकच सवय लावून घेतली आहे: चावी चकमधे असताना हात तिच्यावरून उचलायचा नाही.

मोगरी
स्प्रिंगबद्दल कोणी सांगितलं का? हेडच्या डाव्या बाजूला एक गोल टोपण असतं. त्यात स्पिंडल वर खेचणारी घड्याळासारखी गुंडाळलेली स्प्रिंग असते, ताणलेली. काहीतरी सैल वाटतंय म्हणून ते टोपण खोललं तर ती पट्टीसारखी उलगडत बाहेर येते आणि हात कापते. नव्या यंत्रात ते उघडायची गरज नसते. सैलपणा कमी करायचाच असेल तर टोपण घट्ट धरून एकेक खाच सरकवायची, पूर्ण बाहेर काढायचं नाही.

शनिवारची_खटपट
मंडळी, झालं! भाऊ आणि काका उचलायला, मी खाली वाकून दिशा सांगायला. काकांनी पहिल्याच प्रयत्नात सोडायला घेतलं होतं, मी थांबवलं आणि हलवायला सांगितलं. खरंच 'ठक्' झालं आणि हेड दोन बोटं खाली आलं! जुन्या फिटरकाकांचं ते वाक्य वाचलं नसतं तर आम्ही तसंच स्क्रू आवळले असते.

अर्थिंग तिन्ही ठिकाणी मिळालं. मोटरचा पट्टा सगळ्यात कमी वेगावर, म्हणजे मोटरच्या लहान पुलीवरून स्पिंडलच्या मोठ्या पुलीवर. मधोमध अंगठ्याने दाबल्यावर साधारण बोटभर दबतो. बिट न लावता, बाजूला उभं राहून चालू केलं आणि पाच मिनिटं चालू दिलं. आवाज एकसारखा.

पण चक डोलतोय. नुसत्या डोळ्याला दिसण्याइतका. जबडे आत घेऊन, टेबलावर लाकूड ठेवून दांड्याने दाबून बसवला होता. मन खट्टू झालं आहे. यंत्र परत करावं का?

ओळंबा
परत करायची घाई नको. प्लग काढा. चकमधे सरळ गोल सळई धरा, टेबलावर डायल गेज (बारीक हालचाल काट्याने दाखवणारं माप) ठेवा, हाताने स्पिंडल फिरवा आणि काटा किती हलतो ते लिहून ठेवा. सगळ्यात जास्त जिथे येतो तिथे चकवर आणि स्पिंडलवर पेन्सिलीने खूण करा. मग खाचेतून ड्रिफ्ट, म्हणजे ती पाचरीसारखी पट्टी, घालून चक काढा. खाली हात नाही, लाकूड आणि चिंधी. आर्बरच्या वरची जीभ खाचेत दोनच प्रकारे बसते, म्हणून अर्धा फेरा फिरवून परत बसवा.

डोलणं चकबरोबर फिरलं तर दोष चक किंवा आर्बरमधे. खूण स्पिंडलच्याच जागी राहिली तर दोष स्पिंडलमधे, मग परत करा. पण बसवण्याआधी एक करा, टेपर कशाने पुसले होते ते सांगा.

शनिवारची_खटपट
रॉकेलनेच, बाकी सगळ्यासारखे.

ओळंबा
तिथेच असेल. रॉकेल ग्रीस काढतं पण स्वतः तेलकट थर ठेवतं. दोन्ही टेपर थिनरने पुसा, खिडक्या उघड्या ठेवून. स्पिंडलच्या आत काडीला कापड गुंडाळून खोलवर फिरवा. बोट घालून काही खडबडीत लागतं का बघा, पण प्लग बाहेर असताना.

शनिवारची_खटपट
सापडलं. आधी सळईवर काटा ०.३५ मिमी हलत होता. काडीला गुंडाळलेलं कापड आत फिरवलं तर वर खोलवर वाळलेल्या ग्रीसचा ढेकूळ आणि त्यात रंगाचा एक पापुद्रा. थिनरने दोनदा पुसलं, कोरडं केलं, लाकडावर दाबून आणि मोगरीचा एक ठोका देऊन बसवलं. आता ०.०६ मिमी. डोळ्याला काहीच दिसत नाही! ओळंबा, मनापासून आभार.

गुण्या
आता टेबल काटकोनात आहे का बघा. बाजूच्या अंशांच्या खुणेवर विसंबू नका. जाड तार इंग्रजी झेडसारखी दोनदा वाकवून चकमधे धरा, टोक टेबलाला जेमतेम टेकवा आणि स्पिंडल हाताने फिरवा. समोर टेकतं आणि मागे कागद सरकतो, तर टेबल झुकलेलं. डावीउजवीकडचा फरक टेबलाच्या बोल्टवर सुधारता येतो. पुढेमागचा बहुतेक यंत्रांत येत नाही, तिथे वर ठेवायच्या लाकडी फळीखाली पातळ पत्र्याची पट्टी. आणि मोजताना टेबलाचा लॉक आवळलेला हवा, सैल असताना ते पुढे झुकतं.

नवी_पटाशी
वेग कसा ठरवायचा? मी नेहमी एकाच पुलीवर चालवते.

जुना_फिटर
साध्या लोखंडासाठी सोपा हिशेब. बिटाच्या कडेचा वेग मिनिटाला २५ मीटर धरा. ८००० ला बिटाच्या मिलिमीटर व्यासाने भागा, आलेले फेरे मिनिटाला. १० मिमीला ८००, ५ मिमीला १६००. लाकडात याहून जास्त चालतं. पण मोठं गोल कापायची कटर असेल तर यंत्राचा सगळ्यात कमी वेग, लाकडातसुद्धा.

मोगरी
आणि काम बांधून ठेवा. पातळ पत्रा हातात धरू नका, बिट पलीकडे निघताना तो पत्रा उचलतं आणि पंख्यासारखा फिरवतं. लांब तुकडा असेल तर त्याचं डावं टोक कॉलमच्या डाव्या अंगाला टेकवा. वरून बघितलं तर बिट घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतं, म्हणजे तुकडा निसटला तरी डावी बाजू कॉलमवर अडते आणि उजवी तुमच्या पोटात येत नाही. पलीकडे निघायची वेळ आली की दाब कमी करा.

शनिवारची_खटपट
शेवटचा प्रश्न अजून राहिलाय, बेस ठोकायचा की नाही? आता उभी आहे ती अगदी पक्की वाटते.

ओळंबा
रिकामी असताना पक्की वाटणारच. टेबल एका बाजूला फिरवून त्यावर लांब, जड तुळई ठेवा आणि मग वाटतं का सांगा. वरचं वजन उंचावर आहे, बेस लहान. ठोकाच.

करवतकाठी
फरशी फोडायची नसेल तर जाड प्लायवुडचा मोठा तुकडा बेसखाली, बेसपेक्षा चारी बाजूंनी वीतभर जास्त, आणि बेस त्याला बोल्टने. माझी तशीच आहे. यंत्र हलवायचं झालं तर मात्र आधी टेबल पार खाली आणते.

शनिवारची_खटपट
प्लायवुडचं केलं, १८ मिमीचे दोन थर, बोल्टची डोकी खालून खोबणीत बुडवून. त्या खोबण्या आणि बोल्टांची भोकं याच यंत्रावर पाडली, यंत्र तोवर भिंतीला दोरीने बांधलेलं. आठही भोकं सरळ आहेत. गुण्या लावून पाहिला, खाली उजेडसुद्धा जात नाही. तुकडा भावाला दाखवायला ठेवला आहे.

जुना_फिटर
शाब्बास. आता ग्रब स्क्रू एकदा परत आवळा, महिनाभर चालवल्यावर आणखी एकदा. हादऱ्याने ते सैल होतात.